मौर्यांचं मंगोल केलं तर चालतंय का?

प्रश्न : दादा, सिव्हिलायझेशन सेव्हन हा कॉम्प्युटर गेम खेळतोय. अशोक लीडर, मौर्य सिव्ह (म्हणजे खेळायची संस्कृती), हत्ती वगैरे एकदम टकाटक चाललेलं. पहिलं युग संपलं आणि गेम म्हणतोय आता दुसरी सिव्ह निवड. मी चोळ घेतले, आपलेच म्हणून, तिथनं गाडा जो रुतलाय तो रुतलाच. एवढं उभं केलेलं मोडायचंच असेल तर खेळायचं कशाला?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लेका, तू पाठवलेला नकाशाचा फोटो बघितला. समुद्राला टेकलेलं गाव एक, बाकी सगळी डोंगरात, आणि तू चोळ घेतलेस. त्यांचा सगळा जीव जहाजात नि व्यापारात, आरमार काय कोयनेच्या धरणात फिरवणार होतास? आणि त्याच फोटोत डाव्या कोपऱ्यात घोड्याच्या तीन खुणा दिसतायत बघ. पहिल्या युगात तीन घोडे जोडले की मंगोल उघडतात, म्हणजे ताट वाढून ठेवलेलं आणि तू आपलेच आपलेच करत उठून गेलास. दुसऱ्या युगात लढाईचे पॉइंट मिळवायला बाकीच्यांना समुद्रापार जावं लागतं, मंगोलांना आपल्याच खंडातली गावं जिंकूनपण मिळतात. तुझ्या नकाशाला दुसरं काय पायजे होतं?

मोडायचं म्हणतोस ते अर्धंच खरं. लीडर तोच राहतो, धर्मशाळा आणि विहार बांधले असशील तर ते पुढंपण उपयोगी पडतात, आणि मौर्यांच्या स्वतःच्या सिव्हिक्समधनं (राज्यकारभाराच्या शोधांमधनं) मिळालेल्या ट्रॅडिशन्स म्हणजे खास परंपरा पुढच्या युगात पॉलिसी म्हणून लावता येतात, त्यामुळं युग संपायच्या आत त्या पूर्ण कर, हत्ती दोन कमी झाले तरी चालतील. सैन्य कमांडरच्या हाताखाली भरून ठेव, म्हणजे ते पुढं टिकतं. राजधानी सोडून बाकी शहरं परत टाऊन (छोटं गाव) होतात, तो फटका बसतोच. (हे २०२५ च्या फेब्रुवारीत गेम आला तेव्हाचे नियम, अपडेटनं सेटिंग बदलतात, एकदा बघून घे.)

मी लिहितोय तिथनं खिडकीतनं साताऱ्याचा अजिंक्यतारा दिसतो. १६७३ ला महाराजांनी घेतला, १७०० ला औरंगजेबाकडं गेला तेव्हा त्याचं नाव झालं आझमतारा, मग ताराबाईंच्या काळात परत आला नि अजिंक्यतारा झाला, १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथलाच. डोंगर काय हलला नाही. म्हणून सिव्ह बदलण्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. मला राग येतो तो वेगळाच, परवा एका शहराच्या वेशीत सैन्य नेऊन उभं केलं, दोन टर्नचं काम राहिलेलं, आणि युग संपलं. लढाई बंद. रात्री दीड वाजता कुणाला सांगणार?

प्रश्न : ह्यूमनकाइंड गेममध्येपण असंच आहे का?
– कराड

उत्तर : साधारण तसंच, पण तिथं मूळ गेममध्ये प्रत्येक युगात दहा संस्कृती आणि पहिला येईल त्याची, तू उशिरा पोचलास तर हवी ती कुणीतरी आधीच उचललेली असते. मात्र आहे तीच संस्कृती पुढं चालवायची सोय तिथं आहे, वर फेमपण (जिंकायला लागणारे पॉइंट) थोडी जास्त मिळते. विश्रामबागवाल्यानं तोच गेम घ्यावा खरंतर.