३० सप्टेंबरच्या गाण्याबद्दल

अनेक आशीर्वाद.

किल्लारीच्या भूकंपाच्या स्मृतिदिनाला शाळेच्या मुलांचं समूहगीत बसवतो आहेस, वाचून बरं वाटलं. पण पाठवलेलं गीत पटलं नाही. 'धरणीचा कोप', 'काळाचा घाला' असले शब्द गॅदरिंगला टाळ्या घेतील. इथे समोर कोण बसणार? १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून झोपलेली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या भिंती, वरचं माळवद अंगावर घेऊन वाचलेली माणसं. कोप म्हणजे काय, हे त्यांना आपण काय सांगायचं!

जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात मिनामिसोमाला ओदाका नावाची शाळा आहे. मार्च २०११ मध्ये त्सुनामी आली, पाठोपाठ अणुवीज केंद्राचा अपघात. २० किलोमीटरच्या आतला मुलूख रिकामा झाला, वर्गातली मुलं देशभर पांगली. संगीताच्या बाईंनी जपानचा नकाशा घेऊन, कोण कुठे गेलं तिथे त्याचा फोटो लावला. उरलेली मुलं तो बघत म्हणाली, केवढे लांब गेलेत, पण वर आकाश एकच आहे. बाई असलं बोलणं टिपत गेल्या आणि त्यातून शाळेच्या निरोपाचं 'गुंज्यो' हे समूहगीत झालं. त्यात कवीने वरून घातलेलं फारसं काही नाही.

तसंच कर. मुलांना घरी विचारायला सांग: जुन्या गावात आपलं घर कुठल्या गल्लीत होतं, दारात काय होतं, कोण कोण होतं. जी आजी बोलणार नाही तिला मात्र बोलतं करू नका. मिळेल तेवढ्यावर भागव.

आता गाण्याचं. पेटी काळी चारवर धरलीस तर मुलं खणखणीत गातील, पण साठीच्या पुढचे बाबे गप्प बसतील. सूर खाली घे, ध्रुवपद दोन ओळींचंच ठेव, म्हणजे दुसऱ्या खेपेला समोरचेही म्हणतील. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही. शेजारच्याचा सूर चालू असताना आपला घ्यायचा, हे मुलांकडून घोटून घे. त्या दिवशी कुणाचा तरी गळा दाटणारच. तेव्हा त्याने खुशाल थांबावं, ओळ बाकीचे पुढे नेतील. भजनातले टाळकरी दुसरं काय करतात? बुवा खोकले म्हणून अभंग अडत नाही. आणि कॅराओके ट्रॅक अजिबात नको. पेटीवाला माणसांसाठी क्षणभर थांबतो, ट्रॅक आपला पुढे पळतो.

पाहुण्यांची भाषणं गाण्यानंतर ठेव, कितीही आग्रह झाला तरी. मुलं ताटकळली की आवाज बसतात. (पाहुणे रुसतील. रुसू देत.)

नवे शब्द जमले की चाल लावायच्या आधी नुसते वाचून रेकॉर्डिंग पाठव.

तुझा,
सर