वाचकांचे प्रश्न : चित्रपट पाहण्यासाठी घरचा संगणक

मोठा टीव्ही घेतल्यावर हार्ड डिस्कवरचे चित्रपट त्यावर नीट कसे पाहावेत, याविषयी नागपुरातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. चित्रपटांच्या चोरट्या प्रती कोठे मिळतील, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांना उत्तर दिलेले नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून प्रतापनगरला राहतो. घरी पंचावन्न इंची फोर-के टीव्ही आहे. हार्ड डिस्क टीव्हीला जोडली असता काही चित्रपट व्यवस्थित चालतात, काहींचे चित्र दिसते पण आवाज येत नाही आणि काही तर उघडतच नाहीत. मुलाचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप पडून आहे. तो टीव्हीला जोडावा की नवा संगणक घ्यावा? बर्डीवरील एका दुकानदाराने गेमिंगचा मोठा संगणक घ्या, असे सुचवले आहे.

उत्तर : प्रथम टीव्हीचे पाहू. फाइलच्या नावाअखेरीस एमकेव्ही किंवा एमपीफोर असे लिहिलेले असते, तो केवळ डबा आहे; आत चित्र कोणत्या पद्धतीने आणि आवाज कोणत्या पद्धतीने साठवला आहे, ते डब्यावरून कळत नाही. चित्र दिसते आणि आवाज येत नाही, या तक्रारीत बहुतेक वेळा आवाज डीटीएस पद्धतीचा असतो, कारण मधल्या काळात अनेक टीव्ही संचांतून ही पद्धत उलगडण्याची सोय काढून टाकण्यात आली. संगणकावर ही अडचण येत नाही. कोडी किंवा व्हीएलसी यांसारखे मोफत प्लेअर जवळपास सर्व पद्धती उलगडतात, आणि आपल्याला संगणक हवा आहे तो मुख्यतः याच कारणासाठी. ज्यांना फक्त ओटीटी पाहायचे आहे, त्यांनी संगणकाच्या फंदात पडू नये. संगणकाच्या ब्राउझरमध्ये या सेवा पुष्कळदा टीव्हीच्या ॲपपेक्षा कमी दर्जाचे चित्र देतात.

आता मुलाच्या डेस्कटॉपविषयी. चित्रपट चालवण्यासाठी संगणक बलदंड असावा लागत नाही. चित्र उलगडणारे खास सर्किट त्याच्या प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असले म्हणजे झाले. डीव्हीडीपासून फुल एचडीपर्यंतचे, एच-२६४ पद्धतीचे चित्रपट चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर सहज चालवतो. परंतु फोर-के चित्रपट बहुधा दहा बिटांच्या एचईव्हीसी पद्धतीत असतात आणि त्यांसाठीचे पूर्ण सर्किट इंटेलने सातव्या पिढीपासून दिले. त्याआधीच्या प्रोसेसरला हे काम अंगमेहनतीने करावे लागते. मग पंखा घरघरू लागतो आणि धावपळीच्या दृश्यात चित्र अडखळते. आपल्या संग्रहात फोर-के नसेल, तर एक पैसाही खर्च न करता जुना डेस्कटॉप जोडावा.

फोर-के असेल, तर माझे मत गेमिंग संगणकाच्या स्पष्टपणे विरुद्ध आहे. तो महाग असतो, आवाज करतो, उष्णता फेकतो आणि चित्रपटाच्या चित्रात त्यामुळे काहीही भर पडत नाही. इंटेल एन-१०० किंवा त्याच वर्गातील प्रोसेसर असलेला तळहाताएवढा मिनी पीसी एचईव्हीसी, व्हीपी-नाइन आणि नवी एव्ही-वन या तिन्ही पद्धती सर्किटच्या बळावर उलगडतो. आठ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. घेताना एचडीएमआयची, म्हणजे चित्र व आवाज एकाच केबलने टीव्हीकडे नेणाऱ्या जोडणीची, आवृत्ती मात्र विचारून घ्यावी. १.४ आवृत्तीवर फोर-के चित्र सेकंदाला तीस फ्रेमपर्यंतच (एकामागून एक दाखवली जाणारी स्थिर चित्रे म्हणजे फ्रेम) जाते, साठ फ्रेमसाठी किमान २.० लागते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यामुळे जुनाच संगणक वापरायचा झाल्यास त्यावर लिब्रेइलेक ही मोफत प्रणाली घालणे मला अधिक सोयीचे वाटते. संगणक सुरू केला की थेट कोडीचा पडदा समोर येतो, आणि घरातील ज्येष्ठांना माउस हाती घ्यावा लागत नाही. प्रणाली पेन ड्राइव्हवरूनही चालते, म्हणून मूळ डिस्कला हात न लावता आधी अजमावून पाहता येते. टीव्हीच्या रिमोटने संगणक चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये. टीव्हीकडून येणारी ती आज्ञा बहुतेक संगणक एचडीएमआयमधून घेत नाहीत. यूएसबी रिसीव्हरसह येणारा साधा एअर-माउस रिमोट (हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलवणारा) घ्यावा, किंवा अँड्रॉइड मोबाइलवर कोडीचे ‘कोरे’ (Kore) हे ॲप घालावे.

प्रश्न : मिनी पीसी घेतला, चित्र सुस्पष्ट आहे, पण कॅमेरा आडवा फिरू लागला की चित्र बारीक झटके खाते. संगणक कमी पडतो आहे का? (मानेवाडा)

उत्तर : बहुतेक वेळा संगणक पुरेसा असतो, पण दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमचा असतो आणि संगणक टीव्हीला सेकंदाला साठ वेळा चित्र पाठवत असतो. साठला चोवीसने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा असा असमान क्रम चालू राहतो. माणसे बसून बोलत असतात तोवर हे जाणवत नाही. रेल्वेच्या खिडकीतून शेते सरकताना किंवा वाड्याच्या खांबांवरून कॅमेरा संथपणे फिरताना मात्र प्रत्येक खांब थबकत थबकत पुढे जातो.

यावर उपाय फुकट आहे आणि तरीही बहुसंख्य घरांत तो केलेला नसतो. कोडीच्या सेटिंग्जमध्ये प्लेअर विभागात ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय आहे. तो चित्रपट सुरू होताना आणि थांबताना लागू होईल असा ठेवावा. मग चित्रपट लावताच टीव्ही क्षणभर काळा होईल आणि चोवीसच्या गतीवर जाईल. तो काळा क्षण म्हणजे बिघाड नव्हे. चित्रपटांच्या फाइलींत २३.९७६ आणि २४ असे दोन्ही आकडे आढळतात, त्यामुळे हाताने एकच गती ठरवून देण्यापेक्षा निवड कोडीवर सोपवलेली बरी. आपल्याकडील दूरदर्शन प्रक्षेपण पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने चालत आले आहे. तेथून मुद्रित केलेल्या जुन्या मालिका व नाटके असतील, तर त्यांना पन्नासची गती हवी आणि याच पर्यायामुळे तीही मिळते.

एवढे करूनही चित्र विचित्र, अतिगुळगुळीत आणि मालिकेसारखे दिसत असेल, तर टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम तयार करत आहे. टीव्हीतील मोशनविषयीचे पर्याय बंद करावेत. नव्या संचांत ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो निवडला की हे आपोआप होते. याच पत्रात रात्रीची दृश्ये नुसती काळी दिसतात, असेही लिहिले आहे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशी पूर्ण पट्टी पाठवतो आणि टीव्ही १६ ते २३५ ही मर्यादित पट्टी अपेक्षित धरतो, तेव्हा असे घडते. दोन्हीकडे एकच पट्टी ठेवावी. उलट जुळणी झाली, तर काळा रंग राखाडी दिसतो.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीताने शेजारी जागे होतात. साउंडबार घेतल्याने हे सुटेल का? (महाल)

उत्तर : साउंडबारआधी सेटिंग तपासावे. सहा वाहिन्यांच्या, म्हणजे फाइव्ह-पॉइंट-वन आवाजात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर असताना संगणकाला सहा असल्याचे सांगितले गेले, तर मधली वाहिनी हरवते किंवा क्षीण होते. कोडीत स्पीकरची संख्या २.० अशी, म्हणजे खरी सांगावी आणि ‘पासथ्रू’, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवण्याचा पर्याय, बंद ठेवावे; मग कोडी संवाद दोन्ही स्पीकरमध्ये योग्य प्रमाणात मिसळतो. पुढे अनेक स्पीकरांना आवाज वाटून देणारा ऑडिओ रिसीव्हर घेतला, तर पासथ्रू सुरू करावे आणि जमल्यास संगणक थेट रिसीव्हरला जोडावा. ऑप्टिकल केबल आणि साधे एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच बाहेर पाठवण्याची सोय) यांतून डॉल्बी व डीटीएसचे संक्षिप्त रूपच जाते. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांचा मूळ आवाज हवा असल्यास थेट एचडीएमआय किंवा ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागते.

प्रश्न : एप्रिल लागला की आमचा संगणक चित्रपटाच्या मध्यातच मंदावतो आणि कधी बंदही पडतो. हिवाळ्यात तक्रार नसते. टीव्ही युनिटच्या कप्प्यात तो नीट बसवलेला आहे, शिवाय खोलीत कूलर असतो. (धरमपेठ)

उत्तर : कारण आपण पत्रातच सांगितले आहे. कप्प्यात तो ‘नीट बसवलेला’ आहे. संगणकाचा पंखा भोवतालच्या हवेनेच त्याला थंड करतो. बाहेर पारा पंचेचाळीसवर असताना बंद कप्प्यातील हवा त्याहूनही तापते, कारण सेट-टॉप बॉक्स आणि राउटर सहसा त्याच कप्प्यात असतात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यानेही भागले नाही, तर संगणक बंद होतो. सुताराकडून युनिटची मागची फळी कापून घ्यावी, पुढचे दार काढावे आणि संगणकाच्या चहूबाजूंनी चार बोटे जागा मोकळी सोडावी. पंखा नसलेले मिनी पीसी कागदावर आकर्षक वाटतात, पण नागपूरच्या मे महिन्यात मी तरी ते सुचवणार नाही.

कूलरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरगावी छापलेल्या मार्गदर्शकांत हा मुद्दा येत नाही. कूलरच्या हवेने खोली थंड होते, ते संगणकाच्या फायद्याचेच आहे. मात्र कूलरच्या थेट झोतासमोर ठेवलेल्या संगणकावर पाण्याचे बारीक तुषार येतात. बोअरचे जड पाणी असेल, तर ते सुकल्यावर क्षार मागे उरतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो, तोच पंख्याच्या पात्यांवर आणि एचडीएमआयच्या तोंडाशी धरू लागतो, त्यावर धूळ चिकटते आणि हंगामाअखेरीस उष्णता उतरवणाऱ्या पट्ट्यांमधून हवा जाईनाशी होते. संगणक झोताच्या रेषेबाहेर ठेवावा आणि उन्हाळा सुरू होण्याआधी व संपल्यावर तो उघडून कोरड्या ब्रशने साफ करावा. हार्ड डिस्कचे तापमान क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात दिसते. ते पन्नासच्या खाली राहील असे पाहावे.

लाइट जाण्याचा प्रश्नही याच पत्रात आहे. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्यावर यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये बदल होताना लागणारा क्षण पंख्याला चालतो, संगणकाला चालेलच असे नाही. चित्रपटांची बाहेरची डिस्क विंडोजवर वापरायची असल्यास एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी. अचानक वीज गेल्यास एक्सफॅटपेक्षा तिच्यावरील नोंदी सावरण्याची शक्यता अधिक असते. आणि फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. अवकाळी पावसात विजा चमकू लागल्या की प्लगसोबत इंटरनेटची व डिशची केबलही काढावी. विजेच्या बिलाची काळजी मात्र नको : दहा वॅटचा मिनी पीसी महिनाभर अहोरात्र चालू ठेवला, तरी सात युनिटांच्या आसपास वीज लागते, साठ वॅटच्या डेस्कटॉपला त्रेचाळीस.

प्रश्न : लग्नाची जुनी व्हीसीडी आणि डीव्हीडी आहे. मोठ्या टीव्हीवर ती फारच वाईट दिसते. सुधारता येईल का? (इतवारी)

उत्तर : व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, त्यात नसलेला तपशील कोणताही संगणक परत आणू शकत नाही. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ चे असून त्यात पुष्कळ करता येते. लग्नाचे चित्रण त्या काळी एकाआड एक ओळींच्या पद्धतीने होत असे, म्हणून अक्षता टाकणारे हात वेगाने हलले की त्यांच्या कडांना कंगव्यासारखे आडवे दात दिसतात. प्लेअरमधील ‘डीइंटरलेस’ पर्याय सुरू करताच ते जातात. जुने चित्र चारास तीन या प्रमाणातले असते. ते ताणून पूर्ण पडदाभर करू नये, वधू-वर दोघेही रुंद होतात.

मात्र याहून निकडीचे काम वेगळे आहे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक खराब होत जातो. डिस्कवरील व्हिडिओ-टीएस (VIDEO_TS) हे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवावे, लहान करण्याच्या मोहात पडू नये आणि दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. एका ड्राइव्हने डिस्क वाचली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. अनेकदा वाचली जाते.

प्रश्न : कोडी चित्रपटांची पोस्टर चुकीची दाखवते आणि मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकटी येतात. (वर्धमाननगर)

उत्तर : प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर करावे आणि नावापुढे कंसात वर्ष लिहावे. ‘श्यामची आई’ या नावाचा एक चित्रपट १९५३ चा आणि दुसरा २०२३ चा आहे. वर्ष नसेल, तर कोडीने कोणता निवडावा? उपशीर्षकांची फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ पद्धतीने पुन्हा सेव्ह करावी आणि प्लेअरमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट निवडावा. विंडोजवर व्हीएलसी वापरत असल्यास निर्मला यूआय हा फॉन्ट आधीपासूनच संगणकात असतो.