ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने अ‍ॅनालॉग पॉलिफोनिक सिंथ घ्यावा का?

भाऊ, तुम्ही धुळ्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, हाताशी शेकडो टोनवाला कीबोर्ड आहे, आणि विचारताय की जेमतेम चार आवाजांच्या, म्हणजे एका वेळी चारच सूर वाजवणाऱ्या, अ‍ॅनालॉग पॉलिफोनिक सिंथमागे लोक एवढे वेडे का. अ‍ॅनालॉग म्हणजे सूर थेट विजेच्या सर्किटातून निघतो, पॉलिफोनिक म्हणजे एका वेळी एकाहून जास्त सूर वाजतात. मी जळगावचा, धंदा तोच. असला एक सिंथ सहा वर्षांपासून घरात आहे.

वरातीतला बँड आठवा. चार ट्रम्पेटवाले एकच सूर धरतात, पण कुणी केसभर चढा, कुणी केसभर उतरलेला. गल्ली भरून जाते ती त्या फरकामुळेच. या सिंथमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट), स्वतःचा फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारं सर्किट) असतो. चार सुरांची कॉर्ड दाबली की चार सर्किटं एकदम बोलतात, आणि कितीही जुळवा, हुबेहूब सारखी होत नाहीत. शिवाय फिल्टरचा नॉब थेट बोटाखाली. कॉर्ड धरून तो हळूहळू उघडत बसलं की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. कीबोर्डच्या मेन्यूत शिरून हे करायला गेलं की मूडच जातो.

हे नवं खूळ नाही. १९७८ च्या प्रॉफेट-५ या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये पाच आवाज होते आणि केलेले टोन मेमरीत ठेवता यायचे. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला, डिजिटल, १६ आवाजांचा, सुराला पक्का. अ‍ॅनालॉग मागे पडले. पुढे २०१६ मध्ये कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग हा अ‍ॅनालॉग सिंथ आला, तेव्हा कुठे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं काही दिसलं.

आता रडगाणं. एकदा मे महिन्यात अमळनेरकडच्या लग्नात मी तो मांडवात नेला. पत्र्याखाली दुपारी चार वाजता सर्किटं तापून सूर असे सरकले की गायकाने गाता गाता मागे वळून पाहिलं. ट्यूनिंगचं बटण दाबायचं आणि मशीन स्वतःला जुळवेपर्यंत गप्प बसायचं. इकडे ढोलकी चालूच! त्यात चारच आवाज, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्याने दोन सूर घेतले की आधीचा एक गिळला जातो. सनई, ढोलकी, तयार रिदम यातलं काहीच त्यात नाही.

म्हणून स्टेजसाठी घेऊ नका. स्वतः चाली बांधत असाल, घरी अहिराणी गाणी रेकॉर्ड करत असाल, तर जरूर घ्या. पण त्यासाठी हातातला कीबोर्ड विकू नका, लग्नसराई त्याच्यावरच निघते.