अडनिड्या वयाचा सिनेमा

आमच्या इंदूरच्याच एका मुलीने विचारलं आहे: ‘कमिंग ऑफ एज कॉमेडी’ला, म्हणजे पोरवयातून मोठं होण्याच्या विनोदी सिनेमाला, मराठीत काय म्हणायचं? तिने लेखात ‘वयात येण्याचे विनोदी चित्रपट’ असं लिहिलं आणि आजी तोंडाला पदर लावून हसत सुटली.

आजीचं हसणं रास्त आहे. मराठीत ‘वयात येणं’ हे शरीराचं. मुलीला न्हाण आलं, पदर आला, ती शहाणी झाली, हे सगळे त्याच एका घटनेचे सोवळे पर्याय. मुलाला फार तर मिसरूड फुटतं. इंग्रजी शब्दप्रयोग मात्र मुळात कायद्यातला, म्हणजे सज्ञान होणं. तिथून तो कादंबरीत आणि सिनेमात शिरला नि मनाला लागू झाला. आपला ‘सज्ञान’ कोर्टकचेरीतच राहिला. खरं तर ‘शहाणा’ हा त्याचाच घरगुती अवतार, आणि आपण इथे रोज ऐकतो तो हिंदी ‘सयाना’ही त्याच घरचा.

मग ‘किशोरचित्रपट’? हिंदीत चालेल, तिथे किशोर म्हणजे तेरा ते एकोणीसचा. मराठी कानाला ‘किशोर’ म्हटलं की बालभारतीचं १९७१पासूनचं मासिक आठवतं, म्हणजे वय आणखी खाली घसरतं. या वयाला मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हणतात, आणि इथेच खरी उलटापालट आहे. जुन्या संस्कृत वाटणीत पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पुढे पंधरा-सोळापर्यंत कैशोर. हिंदीने क्रम पाळला, मराठीने पौगंडाला वरच्या वर्गात ढकललं! तरी ‘पौगंडावस्थेतील विनोदी चित्रपट’ म्हटलं की आरोग्य खात्याची पुस्तिका हातात आल्यासारखं वाटतं. ‘वयःसंधी’, म्हणजे बालपण आणि तारुण्य यांचा सांधा, हा शब्द सुंदर, पण तो कवितेतच शोभतो.

माझं मत ‘अडनिडं वय’ या शब्दाला. धड लहान नाही, धड मोठं नाही. आवाज फुटलेला, चड्डी सुटलेली, पण पँटमध्ये अजून अवघडलेलं. या सिनेमांतला विनोद नेमका त्या अवघडलेपणाचा असतो. रवी जाधवांच्या ‘बालक-पालक’मध्ये (२०१३) चाळीतली पोरं मोठ्यांनी झाकलेल्या गोष्टीचा माग काढतात, तो अडनिड्या वयाचा विनोदी सिनेमा.

पण शब्दप्रयोगाचा दुसरा अर्धा भाग ‘अडनिडं’त येत नाही. शेवटी पोरगं बदललेलं असावं लागतं. त्याला आपल्याकडे ‘जाणतं होणं’ आहे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीतला, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जाणता होतो, हसवतो, पण त्या कथेला कॉमेडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट ‘द ब्रेकफास्ट क्लब’ या अमेरिकी सिनेमात (१९८५) शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत डांबलेली पाच मुलं हसवतातही आणि संध्याकाळपर्यंत थोडी जाणतीही होतात.

तेव्हा लेखात नुसत्या धमाल सिनेमाला ‘अडनिड्या वयाचा विनोदी चित्रपट’ म्हणावं, आणि पोरगं शेवटी बदलत असेल तर ‘जाणतं होण्याची गोष्ट’. आणि ‘अडनिडा’ला लिंगवचन लागतं: अडनिडी मुलगी, अडनिडं पोर, अडनिड्या वयात. आपल्याकडे सर्रास ‘अडनिडा उमर’ ऐकू येतं, तेवढं टाळावं.