नमाज वेळेवर, आळ दुसऱ्यावर

पत्र :

अस्सलामु अलैकुम आपा,

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. पाच वेळची नमाज चुकवत नाही, कुरआन नाजिरा (बघून वाचणं) पूर्ण झालं आहे, रमजानचे निम्म्याहून जास्त रोजे धरतो. नात्यात सगळे आपल्या मुलांना त्याचं उदाहरण देतात. दोन महिन्यांपूर्वी कपाटातले पैसे गेले. मुलाला विचारलं तर त्याने कुरआनवर हात ठेवून नाही म्हटलं. मग घरकामाच्या बाईंवर संशय गेला. मी त्यांना काढून टाकलं, त्या महिन्याचा पगार दिला नाही, आणि त्या आणखी ज्या दोन घरी काम करतात तिथेही ‘जरा सावध राहा’ असं सांगितलं. गेल्या आठवड्यात मुलाच्या जुन्या दप्तरात उरलेले पैसे सापडले. तो रडला, कबूल झाला. ह्यांनी त्याला पट्ट्याने मारलं आणि म्हणाले, त्याने अल्लाहपुढे तौबा केली आहे, विषय संपला. बाईंकडे जाऊन घराची अब्रू घालवायची नाही. कोणी विचारलं तर बाई स्वतःहून काम सोडून गेल्या असं सांगायचं, हे मुलालाही बजावलं आहे. आपा, एवढं दीन (धर्म) शिकवूनही मुलगा असा का निघाला? आता त्याची तरबियत (संस्कार, जडणघडण) कशी करू? कोणती दुआ पढू?

– एक आई

उत्तर :

वअलैकुम अस्सलाम, बहीण.

पत्राच्या शेवटी तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिन्ही मुलाविषयी आहेत, त्या बाईंविषयी एकही नाही. मी मात्र बाईंपासूनच सुरुवात करणार आहे. मुलाच्या तरबियतीचा रस्ताही त्यांच्याच दारावरून जातो.

सूरह निसामधल्या १०५ ते ११३ या आयती तुम्ही अनेकदा पढल्या असतील. आता अर्थासह पुन्हा पढा. तफसीरच्या, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडणाऱ्या, ग्रंथांत त्यांच्यामागचा प्रसंग दिलेला असतो. रिवायतींमध्ये (परंपरेने आलेल्या कथनांत) तपशील थोडेफार बदलतात, पण प्रसिद्ध प्रसंग असा : मदिनेत उबैरिक घराण्यातल्या एकाने चिलखत चोरलं. बोभाटा होताच त्याने ते एका यहुदी माणसाच्या घरी नेऊन टाकलं आणि आळ त्याच्यावर गेला. चोराचे भाऊबंद पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि आपला माणूस कसा नेक आहे हे सांगू लागले. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता ना. तेव्हा आयती उतरल्या आणि निरपराध माणूस सुटला. १०५व्या आयतीत बजावलं आहे, खियानत (विश्वासघात) करणाऱ्यांची वकिली करू नका. ११२व्या आयतीचा आशय असा की ज्याने स्वतः गुनाह केला आणि तो निर्दोषावर ढकलला, त्याने बोहतानाचं (खोट्या आळाचं) आणि उघड गुनाहाचं ओझं उचललं.

आरोपी आपल्यातला, बळी बाहेरचा, आणि तरीही निकाल बाहेरच्याच्या बाजूने. तुमच्या घरातली गोष्ट हीच आहे, फक्त चिलखताच्या जागी कपाटातले पैसे आहेत.

आता एक कडू गोष्ट सांगते, रागावू नका. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे की तिघांवरून गुनाह लिहिणारं कलम उचललेलं आहे : झोपलेला माणूस जागा होईपर्यंत, वेडा शुद्धीवर येईपर्यंत आणि मूल बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत. तुमचा मुलगा अजून बालिग झाला नसेल तर त्याच्या खोट्या शपथेचा गुनाह त्याच्या नावावर लिहिला गेलेला नाही. पण बाईंना काढलं तुम्ही. पगार अडवला तुम्ही. दोन घरी जाऊन सांगितलं तेही तुम्हीच. पुराव्याचा पत्ता नसताना. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून (संशयापासून) दूर राहायला सांगितलं आहे (४९:१२), ते मोठ्या माणसांनाच. या प्रकरणात कलम कोणावर चालतंय, याचा विचार तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनी बसून करायला हवा.

यजमानांचं तौबाविषयीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’च्या सुरुवातीच्या पानांतच तौबाच्या अटी दिल्या आहेत. गुनाह सोडायचा, त्याचा मनापासून पस्तावा हवा आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा हवा. अल्लाह आणि बंदा यांच्यातला मामला असेल तर या तीन पुरतात. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट येते : ज्याचा हक्क त्याला परत करायचा, त्याची माफी घ्यायची. ही चौथी अट घरात, मुसल्ल्यावर बसून पुरी होत नाही. त्यासाठी चप्पल घालून बाहेर पडावं लागतं.

मग काय करायचं? अडवलेला पगार तर द्याच, पण तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या घरांतलं कामही गेलं असेल, तर त्या दिवसांचं नुकसानही भरून द्या. ही मेहेरबानी नाही, देणं आहे. सहीह बुखारीतल्या एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांच्या विरोधात स्वतः उभा राहील, त्यांत एक आहे मजुराकडून पुरं काम करून घेऊन त्याची मजुरी न देणारा. मग त्या दोन्ही घरी जा आणि सांगा, ‘पैसे आमच्या घरातच सापडले, बाईंचा काही संबंध नव्हता, चूक माझी झाली.’ एवढं पुरे. मुलाचं नाव तिथे घ्यायची गरज नाही. यात खोटं काही नाही आणि मुलाची बेअब्रूही नाही. बाईंना मात्र खरं काय ते पूर्ण कळलं पाहिजे, कारण आळ त्यांच्यावर आला होता.

मुलाने बरोबर यावं का? यावं. आधी त्याच्याशी बोला, काय म्हणायचं ते त्यालाच ठरवू द्या, पाठ करून घेऊ नका. तो भीतीने आलाच नाही तर तुम्ही दोघं जा. त्याला धीर येईपर्यंत बाईंचा हक्क अडकवून ठेवता येणार नाही.

आणि माफी मागताना ‘पण’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. हे अनुभवाचं सांगते. माझ्या घरी एकदा घड्याळ हरवलं, मी एका मुलीवर संशय घेतला आणि घड्याळ निघालं उशीच्या अभ्र्यात. माफी मागायला गेले आणि वीस मिनिटं मला तसं का वाटलं हेच सांगत बसले. ती शेवटी म्हणाली, ‘आता तुम्हाला बरं वाटलं ना?’ ते वाक्य अजून बोचतं. बाईंनी तुम्हाला माफ केलं तर त्यांचे उपकार. नाही केलं तर तो त्यांचा अधिकार. ऐकून घ्या आणि परत या.

आता मुलगा.

‘असा का निघाला’ हा शब्दप्रयोग मला पटला नाही. बारा वर्षांचं पोर अजून निघालेलं नसतं, घडत असतं. पत्रातलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही : सगळे त्याचं उदाहरण देतात. ज्या मुलाचं उदाहरण दिलं जातं, त्याला चूक कबूल करायला जागा कुठे उरते? साध्या मुलाने पैसे घेतले असते तर मार खाऊन मोकळा झाला असता. तुमच्या मुलाला मार आणि पदवी दोन्हींची भीती होती. आणि त्याने कुरआनवर हात ठेवला, कारण मोठ्यांची शंका त्याने मिटते हे त्याला माहीत होतं. यापुढे मुलाकडून शपथ घ्यायला लावू नका, त्याने आपणहून घेतली तरी थांबवा. ‘तू सांग, मी ऐकते’ एवढ्यावर काम व्हायला हवं.

पट्ट्याबद्दल स्पष्ट बोलते. तुमचे यजमान कदाचित ती हदीस पुढे करतील, सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, ही. ती नमाजच्या सवयीबद्दल आहे, आणि फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) तिलाही कुंपण घातलं आहे : इजा होता कामा नये, वळ उठता कामा नये, चेहऱ्यावर तर नाहीच. पट्टा त्या कुंपणाच्या बाहेर पडतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) सांगतात की अल्लाहच्या मार्गातली लढाई सोडली तर पैगंबरांनी आपल्या हाताने कधी कोणाला मारलं नाही, ना बाईला, ना नोकराला. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षं पैगंबरांची खिदमत (सेवा) केली. ते सांगतात, त्या दहा वर्षांत मला कधी ‘उफ्’ म्हटलं नाही, हे का केलंस आणि ते का नाही केलंस असंही विचारलं नाही.

इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दमा’मध्ये मुलांवरच्या सक्तीबद्दल लिहिलं आहे. जुलमाखाली वाढणारं मूल खोटं बोलायला आणि मनात एक, तोंडावर एक ठेवायला शिकतं, कारण त्याला हाताची भीती असते. हळूहळू तीच त्याची सवय आणि अखलाक (स्वभाव, वर्तन) होऊन बसते. सहाशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण वाचताना मला तुमच्या घरातलं कपाट आणि दप्तर दिसलं. मुलाने खोटं बोलल्यावर पट्टा निघाला हे तुम्ही लिहिलंत. त्याआधीही कधी निघाला होता का, हे तुम्ही स्वतःला विचारा.

इमाम गझाली (१०५८–११११) यांचा सल्ला यजमानांना ऐकवा. ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये ते म्हणतात, मूल ही आईबापांकडे सोपवलेली अमानत (ठेव) आहे. त्याने एखाद्या वेळी चुकीचं काही केलं आणि ते तो लपवू पाहत असेल, तर पहिल्या खेपेला उघडं पाडू नका. लपवतोय याचा अर्थ त्याला लाज आहे. पुन्हा केलं तर एकांतात समज द्या. आणि सारखं रागावू नका, नाहीतर बोलणी खायची सवय होते आणि शब्दाचं वजन जातं. तुमच्या बाबतीत दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं आहे, म्हणून गप्प बसणं चालणार नाही. पण एकांताची गोष्ट लागू आहेच. पैसे कशाला हवे होते, हे विचारलंत का? पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

एक चूक मात्र करू नका. ‘एवढी नमाज पढून काय उपयोग झाला’ असं त्याला कधी म्हणू नका. मी अशी घरं पाहिली आहेत. मूल चोरी सोडत नाही, नमाज सोडतं. नमाज निर्लज्ज आणि वाईट कृत्यांपासून रोखते असं कुरआनात आहे (२९:४५), पण ते रोखणं कळायला वय लागतं आणि डोळ्यांपुढे माणसं लागतात. त्याच्यासोबत सूरह माऊन अर्थासह पढा, सातच आयती आहेत. त्यात नमाजी लोकांनाच ताकीद आहे : नमाजबद्दल बेफिकीर, दिखावा करणारे आणि रोजच्या वापरातली साधी वस्तूही कोणाला न देणारे. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला ‘या बुनय्या’, माझ्या छोट्या बाळा, अशी हाक मारतो. नमाज कायम कर असं सांगतो (३१:१७) आणि लगेच पुढच्या आयतीत, लोकांपासून गाल फिरवू नकोस. त्या अरबी शब्दामागे उंटांच्या एका आजाराचं नाव आहे, ज्यात मान वाकडी होते. मुलांना हे सांगितलं की हसतात आणि लक्षात ठेवतात.

यजमानांना एक प्रश्न मात्र विचाराच. ‘बाई स्वतःहून गेल्या’ हे वाक्य मुलाला कोणी शिकवलं? त्याचं पहिलं खोटं त्याचं होतं, हे दुसरं घरातून मिळालं आहे. सुनन अबू दाऊदमध्ये अब्दुल्लाह बिन आमिर आपल्या लहानपणाची आठवण सांगतात. आईने हाक मारली, ‘इकडे ये, तुला काही देते.’ पैगंबर तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा ते म्हणाले, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. पोराला बोलावताना दाखवलेल्या लालचेचा हा हिशेब, तर पढवून ठेवलेल्या वाक्याचा काय असेल?

ते वाक्य आजच मागे घ्या, मुलासमोर, शक्यतो वडिलांच्याच तोंडून. ‘मी तुला चुकीचं सांगितलं’ असं बापाने म्हटलं तर अब्रू जाते अशी त्यांची समजूत असेल. जाऊ द्या एवढी.

दुआ विचारलीत. मुस्नद अहमदमध्ये एक छोटी दुआ आहे : अल्लाहुम्म कमा हस्सन्त खल्की फहस्सिन खुलुकी. हे अल्लाह, जशी तू माझी घडण चांगली केलीस तसा माझा स्वभावही चांगला कर. खल्क म्हणजे घडण आणि खुलुक म्हणजे स्वभाव, दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत आणि अखलाक हे खुलुकचंच अनेकवचन आहे. ‘माझा’ असं आहे त्यात, ‘माझ्या मुलाचा’ असं नाही. घरातल्या तिघांनीही पढा.

आणि बाईंकडे जायची वेळ त्यांना विचारून ठरवा. आता त्या दुसरीकडे कामाला जात असतील.

– आपा