फुटणारी लाट आणि लहान होडी

प्रश्न : भर समुद्रात वादळाने गाठले, तर शिडाच्या लहान होडीला अधिक धोका वाऱ्याचा असतो की लाटांचा?

उत्तर : वाऱ्याचा धोका शिडे वेळीच उतरवून बराच कमी करता येतो, खरी गाठ असते ती फुटणाऱ्या लाटेशी. नुसती उंच लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते, परंतु होडी लाटेला आडवी असताना लाटेचा माथा तिच्या कुशीवर कोसळला, तर होडीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ३२ फुटी होडीला जेमतेम दहा-अकरा फुटांची लाटही तिला उलथवू शकते. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरलेले भारतीय नौदलाचे तत्कालीन अधिकारी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही होडी अशीच ३२ फुटी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झालेले टॉमी फ्रेंच जहाज येईपर्यंत आतच पडून राहिले. होडी मात्र तरंगतच होती. इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या नौकांच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळामुळे १५ स्पर्धक दगावले. तेव्हा सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी १९ नंतर तरंगत्या सापडल्या, तर काहींचे प्राण नौका सोडून ज्यांत उतरले त्या रबरी जीवरक्षक तराफे फाटल्याने गेले. त्यामुळे पायाखाली होडी आहे तोवर तराफ्यात उतरू नये, असे आम्हांस वाटते.