एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली कशा? आणि दुसरीला हात का लागत नाही?

तुमचा प्रश्न असा: विंडोजवरून उबंटूत आणलेल्या फोल्डरमध्ये 'सातबारा उताऱ्याची प्रत' नावाच्या दोन पीडीएफ दिसतात. टर्मिनलमध्ये नाव टाइप केलं की दरवेळी एकच सापडते, दुसरी काही केल्या मिळत नाही, आणि ती काढून टाकायची आहे.

नावं एक नाहीत, एकसारखी दिसतात इतकंच. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं. तुमच्या नावात 'ऱ्य' आहे, माझा पहिला संशय तिथेच. मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य देतात. काही साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर) आणि शेवटी य. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. 'उताऱ्याची' आणि 'उतार्‍याची': हे दोन शब्द मी मुद्दाम वेगवेगळे टाइप केलेत, बघा फरक दिसतोय का.

खात्री करायची तर यादी सी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि अक्षरं कशी दाखवायची याची सेटिंग, सी ही त्यातली सगळ्यात साधी) मागा: 'एलसी_ऑल=सी एलएस -बी'. नुसत्या 'एलएस -बी'वर विसंबू नका, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची नेहमीची पद्धत) लोकेलमध्ये ती जोडकाला छापण्याजोगं अक्षर समजून तसंच सोडून देऊ शकते. सी लोकेलमध्ये नावातला सगळा देवनागरी भाग आकड्यांत येतो, दर बाइटचा एक तीन अंकी अष्टमान आकडा. घाबरून जाऊ नका, वाचायला सोपं आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम ३४०. म्हणजे ३४० च्या गर्दीत कुठे ३४२ दिसला की तो बाहेरचा पाहुणा. एका फाइलमध्ये \३४०\२४४\२६१ (नुक्त्याचा ऱ) आणि दुसरीत \३४०\२४४\२६० (साधा र), मग हलन्ताचे \३४०\२४५\२१५, आणि लगेच \३४२\२००\२१५ दिसलं, तर तो शेवटचा तिघांचा गट म्हणजे जोडक. त्या गटात शेवटच्या २१५ च्या जागी २१३ असेल तर वेबपेजवरून कॉपी करताना चिकटलेली शून्य रुंदीची स्पेस. \३०२\२४० असेल तर न तुटणारी स्पेस. नावाच्या शेवटी \आर दिसला तर नावांची यादी नोटपॅडमध्ये बनवून स्क्रिप्टला दिली होती असं खुशाल समजा.

आता काढायची कशी? नाव टाइप करायचंच नाही. 'एलएस -आय' दिली की प्रत्येक फाइलआधी तिचा आयनोड क्रमांक (डिस्क फाइलला नावाशिवाय ओळखते तो आकडा) येतो. आधी 'सीएमपी'ने दोन्ही फायली ताडून बघा (नावं टॅब दाबून भरून घ्या, शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, खरे बाइट स्वतः टाकतो). ती काहीच न बोलता परत आली तर मजकूर तंतोतंत एकच आहे. सातबारा आहे, एकात जुना फेरफार आणि दुसऱ्यात नवा असायचा, तेव्हा ही पायरी टाळू नका. मग 'फाइंड . -आयनम' पुढे तो क्रमांक आणि शेवटी '-डिलीट'. त्याआधी तीच कमांड '-डिलीट'शिवाय चालवा आणि एकच फाइल येते ना ते पाहा. हे सगळं डिस्कवरच्या प्रतीवर करा, पेनड्राइव्हवर नको. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर खरे आयनोड नसतात, लिनक्स ते तात्पुरते बनवून देतं.

नेटवर 'सगळी अदृश्य अक्षरं पुसून टाका' अशा तयार स्क्रिप्ट मिळतात. इंग्रजी नावांना त्या ठीक, मराठी फोल्डरवर चालवू नका. जोडक पुसला की 'उतार्‍याची'चं 'उतार्याची' होतं, आणि ट्रेकच्या फोटोंमधल्या 'दर्‍या'चा 'दर्या' होऊन बसतो. 'क्‍ष' किंवा 'श्‍व'मधला जोडक गेला तर फक्त वळण बदलतं, पण र च्या बाबतीत शब्दच बदलतो. म्हणून पुसायचं नाही, बदलायचं: साधा र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पर्लवाली 'रीनेम' कमांड (उबंटूत वेगळी इन्स्टॉल करावी लागते) हे एका ओळीत करते. आधी '-एन' लावून काय बदलणार ते पाहा. तुमच्यासारखी जोडी असेल तिथे ती कमांड नाव आधीच आहे म्हणून अडेल, आणि अडलेलंच बरं. जबरदस्तीचं '-एफ' लावू नका, नाहीतर एक फाइल दुसरीवर लिहिली जाईल.

एक प्रकार मात्र वेगळा. \३४२\२००\२५६ दिसला तर तो पुढचा मजकूर उजवीकडून डावीकडे उलटवणारा वर्ण आहे. मराठी नावात त्याचं काही काम नाही. त्याच्या जोरावर मूळची ईएक्सई फाइल नावाच्या शेवटी पीडीएफ असल्यासारखी दिसते. अशी फाइल आली असेल तर नाव दुरुस्त करत बसू नका, न उघडता आयनोडवरूनच उडवा.